लोकाराधन, निष्ठा आणि झाडीपट्टी

संस्कृत नाटककार भवभूती ज्या पद्मपूर नगरीचा रहिवासी म्हणून स्वतःची ओळख सांगतो, ती नगरी म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर होय, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले, आणि पुढे आमगावातल्या महाविद्यालयालाही भवभूतीचेच नाव मिळाले. आठव्या शतकातील या नाटककाराच्या ‘उत्तररामचरित’ या नाटकाचा सारा पेच ‘लोकाराधन’ या एका शब्दात सामावलेला आहे. लोकाराधन म्हणजे लोकांना प्रसन्न राखणे, त्यांच्या मनाप्रमाणे वागून त्यांची मान्यता टिकवणे. नाटकाच्या पहिल्याच अंकात कुलगुरू वसिष्ठांचा निरोप येतो की राजाने प्रजेच्या आराधनेत तत्पर असावे, आणि राम तत्काळ सांगतो की त्यासाठी स्नेह, दया, सुख, फार काय जानकीलाही सोडावे लागले तरी आपल्याला व्यथा होणार नाही. पाठोपाठ दुर्मुख नावाचा हेर नगरातली कुजबुज घेऊन येतो आणि ते बोलणे खरे करून दाखवण्याची वेळ रामावर येते. सीता निर्दोष आहे हे रामाला पुरते ठाऊक असते आणि तरीही तो तिला वनात पाठवतो. म्हणजे आपल्याला कळलेले सत्य आणि लोकांना पटलेली गोष्ट यांत त्याने दुसरीची निवड केलेली असते. गंमत अशी की हाच भवभूती ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत आपल्याला नावे ठेवणाऱ्या समकालीनांना स्पष्ट बजावतो की हा उद्योग त्यांच्यासाठी नाहीच, काळ अनंत आहे, पृथ्वी विशाल आहे आणि समानधर्मा कोणी तरी कधी तरी जन्माला येईलच. ज्याला स्वतःला लोकमताची पर्वा नव्हती, त्याने लोकमतापुढे वाकलेल्या राजाचे दुःख इतक्या आर्ततेने लिहावे, यात योगायोगापेक्षा अधिक काही असावे.

माणसांच्या पसंतीपेक्षा देवाशी इमान राखणे मोठे, हे सूत्र जगातील बहुतेक भक्तिपरंपरांनी आपापल्या भाषेत सांगितले आहे, पण मराठी समाजात या सूत्राला सुरुवातीलाच एक अडचण भेटते. मराठीत ‘पाचामुखी परमेश्वर’ अशी म्हण आहे. पाच जण मिळून जे बोलतील तोच देवाचा कौल, असा तिचा आशय. पंचांचा शब्द आणि देवाचा शब्द एकच मानला की देवाशी निष्ठा आणि लोकांची मान्यता यांत भांडण उरतच नाही, आणि उरले तर ते देवाशीच भांडण ठरते. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न गावातल्या माणसाला नुसता भित्रेपणाचा वाटत नाही, त्याला धर्माचाही वास येतो, तो यामुळे.

झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील जंगल, तलाव आणि धानशेतीच्या पट्ट्यात, ही गुंतागुंत डोळ्यांनी पाहता येते. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला; पोवार, कुणबी, कोहळी, गोंड, हलबा, तेली, लोधी, बौद्ध अशा अनेक समाजांची वस्ती आणि झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी, हिंदी अशा अनेक बोली या आठ तालुक्यांत नांदतात. गावात मातामाय या ग्रामदेवीचे ठाणे, मारुतीचे देऊळ, कुठे भिवसन देवाचा दगड, आणि या साऱ्यांभोवती वर्षभराचे व्यवहार फिरतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते; त्या दिवशी लेकी माहेरी येतात, पाहुणे जेवतात, दिवसा दंडार हे लोकनाट्य रंगते आणि रात्री नाटक होते. हिवाळ्यात शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या दाणीवर सारा परिसर लोटतो. देवाची वर्गणी, देवाचा प्रसाद, देवाच्या नावाने बसलेली पंगत यांत भाग घेणे म्हणजे आपण या गावाचे आहोत हे दरवर्षी नव्याने कबूल करणे असते. त्यामुळे प्रसाद नाकारणाऱ्याने देव नाकारला की शेजारी नाकारला, हे ना देणाऱ्याला नीट उमगते ना नाकारणाऱ्याला.

गोंड समाजात तर देव आणि सोयरीक यांची वीण इतकी घट्ट आहे की हा प्रश्न विचारायलाही फट सापडत नाही. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी तिथे कुळांची वाटणी असते आणि सारख्या संख्येचे देव मानणाऱ्या कुळांत लग्न होत नाही. म्हणजे कोणाला पुजायचे हे ज्या धाग्याने ठरते, त्याच धाग्याने कोणाशी नाते जोडायचे हेही ठरते. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेकडे माघ पौर्णिमेच्या सुमारास अनेक राज्यांतून येणारा गोंड भाविक पेनाशी, म्हणजे आपल्या कुलदैवताशी, जी निष्ठा राखतो ती आपल्या माणसांसह राखतो, त्यांच्या विरोधात जाऊन नव्हे. एकट्याने जगाशी झगडणे हीच खऱ्या भक्तीची खूण, असे मानणाऱ्यांनी कचारगडची यात्रा एकदा तरी नजरेखालून घालावी.

याच जिल्ह्यात मात्र एकट्या घराने गावाच्या देवांपासून बाजूला होण्याची रीतही रुजली आहे, आणि ती शोधायला ग्रंथ चाळावे लागत नाहीत. गावातून चालताना एखाद्या घराच्या दर्शनी भिंतीवर ‘परमात्मा एक’ ही अक्षरे दिसतात, वर भगवान बाबा हनुमानजी आणि महानत्यागी बाबा जुमदेवजी यांना प्रणाम लिहिलेला असतो, आणि बऱ्याच ठिकाणी खाली दारू पिऊन येणाऱ्यास सक्त मनाई असल्याची सूचनाही असते. ही सूचना देवाच्या नावाखालीच रंगवलेली असल्यामुळे ती वाचणाऱ्या पाहुण्याला घराचा धर्म आणि घराचा नियम एकाच नजरेत कळतो. हे घर ‘सेवका’चे असते, आणि ते कुटुंब अमुक साली ‘मार्गात आले’ असे गावकरी सांगतात.

या मार्गाचे संस्थापक बाबा जुमदेवजी ठुब्रीकर यांचा जन्म ३ एप्रिल १९२१ रोजी नागपुरात एका विणकर कुटुंबात झाला आणि ३ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. घरातल्या दुखण्यांनी आणि मांत्रिकांच्या फेऱ्यांनी जेरीस आलेल्या माणसाने हनुमानाची उपासना धरावी आणि त्या वाटेने जाता जाता देव एकच आहे, निराकार आहे, या निष्कर्षाला यावे, असा त्यांच्या साधनेचा प्रवास सेवक सांगतात. ‘भगवान बाबा हनुमानजी’ हे संबोधन त्या एका भगवंतासाठी तसेच कायम राहिले. त्यांनी या शिकवणीला ‘मानवधर्म’ म्हटले आणि तिची मांडणी चार तत्त्वे, तीन शब्द व पाच नियम अशी केली. तीन शब्द म्हणजे सत्य, मर्यादा आणि प्रेम. चार तत्त्वांतले पहिले परमात्मा एक असल्याचे. दुसरे तत्त्व, जे या लेखाच्या विषयाला थेट भिडते, ते जगणे आणि मरणे दोन्ही भगवंताच्या नावावर सोपवण्याचे आहे. पाच नियमांत एका भगवंताला ध्येयाने मानणे, कुटुंबात आणि सेवकांत एकता राखणे, कुटुंब मर्यादित ठेवणे यांबरोबरच व्यसने बंद करण्याचा नियम आहे, आणि त्यातली यादी झाडीपट्टीची नस नेमकी ओळखणारी आहे: दारू, सट्टा, जुगार, लॉटरी यांच्या रांगेत कोंबड्यांची काती आणि बैलांचा पटही त्यात बसवलेला आहे. काती म्हणजे पायाला धारदार पाते बांधून लावलेली कोंबड्यांची झुंज. ज्या मुलखात पट हा वर्षाचा उत्सव, त्या मुलखात पटाला न जाण्याचा नियम पाळणे म्हणजे चार मित्रांच्या टोळीतून स्वतःहून उठून जाणे होय.

माणूस या मार्गात येतो तो बहुधा तत्त्वज्ञानाने पटून नव्हे, त्रासाने. आजारपण, नवऱ्याची दारू, कर्ज, ‘करणी’ झाल्याचा संशय, यांतले काही तरी घरात शिरलेले असते. नव्याने येणाऱ्याला तिथे ‘दुःखी’ असेच म्हणतात, आणि ठरावीक दिवसांचे ‘कार्य’ पार पाडून तो सेवक होतो. त्याआधी घरातल्या इतर देवदेवतांचे विसर्जन करायचे असते. वाचायला हे वाक्य सोपे वाटते, पण देव्हाऱ्यात आजीच्या हातचा टाक असतो, सासूने लग्नात दिलेली अन्नपूर्णा असते, आणि त्या पाण्यात सोडताना घरातल्या माणसांच्या मनाचे काय होते ते बाहेरच्याला दिसत नाही. त्यानंतर गणपतीची वर्गणी आली की पैसे द्यायचे की नाही, मंडईला लेक आली तर तिच्यासोबत देवळात जायचे की नाही, नातेवाइकांकडच्या पूजेचा प्रसाद हाती पडला तर काय करायचे, हे प्रश्न एकेक करून उभे राहतात. गावकऱ्यांच्या दृष्टीने तो माणूस ‘देव मानत नाही’. त्याच्या दृष्टीने तो आता कुठे देव मानू लागलेला असतो.

पूर्व विदर्भाला अशा माणसाचे दर्शन नवे नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथाची उभारणी केली तेव्हा त्यांच्या मागे निघालेल्यांत निळभट भांडारेकार, म्हणजे भंडाऱ्याचा निळभट, होता. म्हाइंभटाने संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’त, म्हणजे चक्रधरांच्या आठवणींच्या ग्रंथात, तो भेटतो. महानुभाव तत्त्वज्ञान जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार स्वतंत्र व नित्य पदार्थ मानते. त्यांतल्या देवता थोडेफार फळ देऊ शकतात, पण मोक्ष केवळ परमेश्वर देतो, म्हणून भक्ती त्या एकाचीच करावी, हीच ‘अनन्यभक्ती’, म्हणजे दुसरा कोणीही मध्ये नसलेली भक्ती. चक्रधरांनी अनुयायांना आपला देश, आपले गाव आणि सर्वांत कटाक्षाने आपले सगेसोयरे यांचा संबंध सोडायला सांगितले. गाव सोडण्याच्या या आज्ञेत एक व्यावहारिक शहाणपण होते: ओळखीची माणसे भोवती असेपर्यंत माणूस नकळत त्यांच्याच डोळ्यांनी स्वतःकडे पाहत राहतो. समाजानेही परतफेड केली. शतकानुशतके महानुभावांबद्दल गैरसमज पसरत राहिले आणि पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत राखले. जुमदेवजींचा सेवक मात्र संन्यासी नाही. तो त्याच गावात राहतो, त्याच बांधावर धान लावतो, पाण्याची पाळी त्याच शेजाऱ्याकडून घेतो. त्यामुळे एका अर्थी त्याची अडचण निळभटापेक्षा चिवट आहे, कारण त्याचे भांडण एकदाच होऊन संपत नाही, दर सणाला पुन्हा सुरू होते.

देवाशी इमान आणि लोकांची मर्जी यांतल्या ओढाताणीची मराठीत सर्वांत तपशिलाने नोंदलेली कहाणी नारायण वामन टिळकांची आहे, आणि तिचा निर्णायक क्षण रेल्वेच्या एका डब्यात, नागपूर ते राजनांदगाव या प्रवासात घडला. हा लोहमार्ग गोंदिया, आमगाव, सालेकसा असा जातो, दरेकसाच्या डोंगरातून डोंगरगडला उतरतो आणि राजनांदगाव गाठतो. तेव्हा गोंदिया मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होते आणि ही गाडी बंगाल-नागपूर रेल्वेची होती. ६ डिसेंबर १८६१ रोजी जन्मलेले टिळक कोकणस्थ ब्राह्मण, संस्कृतचे व्यासंगी, कवी आणि स्वभावाने अतिशय चंचल. नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथांचे काम करताना त्यांनी ‘ऋषि’ नावाचे धर्मचर्चेचे मासिकही चालवले, आणि त्यानंतर राजनांदगाव संस्थानातील नोकरीसाठी ते निघाले. १८९३ च्या सुमाराच्या या प्रवासात डब्यातल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्याशी सौजन्याने काव्याच्या आणि धर्माच्या गोष्टी केल्या, ‘नवा करार’ म्हणजे बायबलचा येशू आणि त्याच्या अनुयायांविषयीचा भाग हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले, अशी हकिकत आहे. पुस्तक त्यांनी वाचायला घेतले ते दिलेल्या शब्दाखातर, पण येशूच्या गिरिप्रवचनापाशी ते अडकले ते अडकलेच.

पुढच्या दोन वर्षांत त्यांना अडवत होती ती तर्काची शंका कमी आणि माणसे जास्त. धर्मांतर म्हणजे जातीतून उठणे, वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने मरणे, बायकोमुलाला मुकणे, हे त्यांना स्पष्ट दिसत होते, म्हणून काही काळ त्यांनी आपले विचार नाव न सांगता मांडले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी स्वीकारला. त्यावर जे व्हायचे ते झाले. नात्यातल्यांनी त्यांना टाकले, आणि पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढची जवळजवळ पाच वर्षे हे जोडपे वेगळे होते.

इथवरची कथा धर्मांतराच्या अनेक कथांसारखी आहे, आणि इथेच ती थांबती तर टिळक मिशनच्या पुस्तकांतले एक नमुनेदार पात्र होऊन राहिले असते. पण एका समाजाची पसंती गमावलेल्या माणसाला दुसरा समाज फार लवकर कुशीत घेतो, आणि त्या नव्या समाजाची पसंती जुन्याइतकीच बांधून टाकणारी असते. टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले, उपदेशक झाले, ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकात लिहू लागले आणि मराठी ख्रिस्ती मंडळींचे लाडके कवी ठरले. तरीही मिशनचे पाश्चात्त्य वळण, पगारी धर्मसेवा, आणि ख्रिस्ती झालेला माणूस आपल्याच देशात परका होऊन राहतो ही स्थिती त्यांना टोचत राहिली. त्यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन आणले. १९१७ मध्ये, म्हणजे वयाच्या छपन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली, भारतीय वळणाचा ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसंघ सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे येशूभक्त यावेत अशी कल्पना होती. बाप्तिस्म्याची रेघ पुसट करणारी ही कल्पना अनेक ख्रिस्ती मंडळींना रुचणे कठीणच होते. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, त्यांचे निधन झाले आणि दरबार फार वाढला नाही. तथापि निष्ठेच्या दृष्टीने १८९५ पेक्षा १९१७ ची कसोटी अवघड मानली पाहिजे. शिव्या देणाऱ्यांना सोडून जायला धैर्य लागते, पण गळ्यात हार घालणाऱ्यांना सोडून जायला धैर्याबरोबर आणखी काही लागते, कारण तिथे माणसाची स्वतःचीच प्रतिमा पणाला लागलेली असते.

हा धागा धरून गोंदियाच्या सेवकाकडे परत आले की त्याच्या घरासमोरचा दुसरा पेच दिसू लागतो. गावाची मान्यता गेली तरी सेवकांची मान्यता मिळालेली असते. चर्चाबैठका असतात, मार्गदर्शक असतात, सुखदुःखाला धावून येणारी शेकडो सेवक कुटुंबे असतात, आणि दारू सुटलेल्या नवऱ्याच्या बायकोला हे बळ कोणत्याही सरकारी योजनेपेक्षा मोलाचे वाटते, यात नवल नाही. पण त्याच बैठकीत कोणाच्या घरी नियम मोडला, कोण अजून लपून प्रसाद खातो, याचीही चर्चा होऊ शकते, आणि मग मातामायच्या ठाण्यावर जी ‘लोक काय म्हणतील’ची धास्ती होती तीच ‘सेवक काय म्हणतील’ या नावाने घरात येते. असे कोणत्याही पंथात घडते. वारकऱ्याची माळ, महानुभावाची दीक्षा, ख्रिस्ती मंडळीचे सभासदत्व, प्रत्येकाला हा धोका असतो. देवाखातर एकदा लोकांना सोडणारे पुष्कळ भेटतात, दुसऱ्यांदा सोडणारे विरळा.

दुसरी एक शंका प्रामाणिक वाचकाच्या मनात येईलच. देवाची आज्ञा म्हणून कोणी काहीही करील, आजारी मुलाला दवाखान्यात नेणार नाही, शेजारणीला चेटकीण ठरवील, आणि लोकांचा विरोध झाला की त्यालाच आपल्या निष्ठेचा पुरावा मानील. त्याला आवरायचे कसे? नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोण्याविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१३ चा कायदा याचे एक उत्तर देतो, आणि ते उत्तर योग्यच आहे. भगवंताच्या नावावर जगण्यामरण्याची तयारी हा प्रत्येकाचा स्वतःपुरता अधिकार आहे, दुसऱ्याच्या जिवावर तो चालवता येत नाही. शिवाय बरे करण्याच्या अटीवर केलेली भक्ती ही निष्ठा नसून सौदा आहे, आणि दुखणे उलटले की असा सौदा मोडतो, हे जुमदेवजींच्या दुसऱ्या तत्त्वातच गृहीत धरलेले दिसते, कारण त्यात मरण्याचीही बाजू मोजलेली आहे.

याच्या उलट बाजूलाही कायदा आहे. देवाच्या कारणावरून गावाने किंवा जातपंचायतीने एखाद्या घराचे पाणी, किराणा, सोयरीक बंद केली तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा अधिनियम लागू होतो. तो जुलै २०१७ पासून अमलात आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. त्याआधी मुंबई प्रांताने १९४९ मध्ये केलेला बहिष्कृतीबंदीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये, दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर, रद्द ठरवला होता, कारण धार्मिक संप्रदायाला आपल्या सभासदाला काढून टाकण्याचा अधिकार आहे असे तेव्हा बहुमताने मानले गेले. एकट्या भक्ताचे स्वातंत्र्य आणि भक्तमंडळाचे स्वातंत्र्य यांत कोणाचे वजन जास्त, हा वाद न्यायालयातही सोपा नाही.

पण कायद्याच्या हाती न लागणारी एक बाब उरते, आणि ती भवभूतीने ओळखली होती. निष्ठेची किंमत नेहमी निष्ठा ठेवणाराच मोजतो असे नाही. रामाने लोकांची बाजू घेतली आणि वनवास सीतेला मिळाला. टिळकांनी बरोबर उलट केले, लोकांना डावलून देवाची बाजू घेतली, आणि पाच वर्षांचा विरह, नातेवाइकांची दया आणि शेजाऱ्यांची कुजबुज लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली. मार्गात आलेल्या सेवकाच्या घरी मंडईला न जाण्याचा निर्णय बहुधा घरधनी घेतो, पण माहेरच्या पूजेला का आली नाहीस याचे उत्तर सुनेला द्यावे लागते. म्हणून ईश्वरनिष्ठेचे मोल ठरवताना त्या माणसाने लोकांचा किती विरोध सोसला एवढेच पाहणे पुरत नाही, त्याच्या निष्ठेचा भार घरात कोणाच्या डोक्यावर पडला आणि त्या माणसाला निवड करायला वेळ मिळाला का, हेही पाहावे लागते.

लक्ष्मीबाईंना तो वेळ मिळाला, हे टिळकांच्या पदरात टाकायला हवे. त्यांचे माहेर विलक्षण सोवळ्याचे होते. १८५७ च्या धामधुमीत नात्यातल्या माणसाला फाशी झाल्यानंतर वडिलांना सोवळ्याचे असे वेड जडले की बाजारातून आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. अशा घरात वाढलेली बाई पुढे नवऱ्याजवळ अहमदनगरला राहायला गेली तेव्हा सुरुवातीला तिने आपला धर्म आणि स्वयंपाक वेगळाच ठेवला, आणि टिळकांनी तो ठेवू दिला. जातिभेद माणसांनीच केलेला आहे हे लक्ष्मीबाईंच्या मनाने हळूहळू घेतले, आणि १९०० मध्ये, नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात, ज्याचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध झाले, त्यांनी ही सारी वर्षे नवऱ्याला संत न ठरवता, त्याचा विसरभोळेपणा, राग आणि उधळेपणा यांच्यासह, मिस्कीलपणे लिहिली आहेत. टिळकांनी येशूच्या चरित्रावर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतले होते, पण मृत्यूपूर्वी त्यांच्या हातून त्याचे थोडेच अध्याय झाले. उरलेले, म्हणजे बहुतेक सारे, लक्ष्मीबाईंनी लिहून ते पूर्ण केले.